लाळेच्या नमुन्यातून पूर्वजांचा शोध : टक्केवारी वाचावी कशी?

पालघर, प्रतिनिधी - आपले मूळ कोणते, पूर्वज कोठून आले, हा प्रश्न कोकणच्या किनाऱ्यावर नवा नाही. सातपाटीच्या मांगेला आणि वैती कुटुंबांत, बोईसर-तारापूरच्या वसाहतीत कामानिमित्त स्थायिक झालेल्या घरांत किंवा डहाणूच्या वाड्यांमधील पारशी बागायतदारांकडे त्याची उत्तरे आजवर आजी-आजोबांच्या आठवणींतून, कुलदैवतांवरून आणि आडनावांवरून शोधली जात. आता त्यात जनुकीय चाचणीची भर पडली आहे. नळीत लाळ घालून नमुना पाठवला, की काही आठवड्यांत संगणकावर रंगीत नकाशा आणि टक्केवारी हजर होते. मात्र ही टक्केवारी नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून न घेतल्यास कुतूहलाची जागा गैरसमज घेण्याची शक्यता अधिक.

टक्केवारी येते कोठून?

बहुतेक खासगी चाचण्यांमध्ये संपूर्ण जनुकसंच वाचला जात नाही. माणसामाणसांत फरक आढळतो अशा सुमारे सहा-सात लाख जागा तपासल्या जातात. त्यानंतर त्या व्यक्तीच्या डीएनएचे तुकडे कंपनीकडील संदर्भगटांशी ताडून पाहिले जातात. ज्या गटाशी तुकडा अधिक जुळतो, त्या गटाच्या खात्यात तो जमा होतो. म्हणजेच '६० टक्के दक्षिण भारतीय' याचा अर्थ साठ टक्के पूर्वज दक्षिण भारतात राहत होते असा नसून, आज उपलब्ध असलेल्या गटांपैकी त्या गटाशी डीएनएचा तेवढा भाग सर्वाधिक मिळताजुळता आहे, एवढाच होतो.

बंदरावरील प्रतवारीचे उदाहरण येथे चपखल ठरेल. समोर तीनच टोपल्या असतील, तर चौथ्या जातीचा मासाही त्यातल्याच एखाद्या टोपलीत जाणार. दोष माशाचा नसतो, टोपल्यांच्या संख्येचा असतो. संशोधकांना सर्रास उपलब्ध असलेल्या 'थाउजंड जीनोम्स' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात दक्षिण आशियातील पाच गट आहेत. ह्यूस्टनमधील गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातील बंगाली आणि ब्रिटनमधील तेलुगू व श्रीलंकी तमिळ. मराठी भाषकांचा स्वतंत्र गट त्यात नाही. त्यामुळे किनाऱ्यावरील एखाद्या मच्छीमाराचा डीएनए शेजारच्या 'टोपल्यां'मध्ये विभागला गेल्यास नवल नाही. 'जीनोम इंडिया' या प्रकल्पाने ८३ लोकसमूहांतील सुमारे दहा हजार व्यक्तींचे जनुकसंच वाचले असून, त्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली करण्यात आली. संदर्भगट वाढले की जुन्या अहवालातील आकडेही बदलतात. डीएनए तोच राहतो, बदलते ते त्याचे वाचन. एक-दोन टक्क्यांच्या परदेशी वंशावरून हुरळून जाऊ नये, ते याचमुळे.

सख्खी भावंडे, निराळे अहवाल

प्रत्येकाला आईकडून निम्मा आणि वडिलांकडून निम्मा डीएनए मिळतो. परंतु कोणता निम्मा, हे प्रत्येक अपत्यागणिक बदलते. म्हणूनच सख्ख्या भावंडांच्या अहवालांत तफावत पडू शकते. दहा पिढ्या मागे गेल्यास वंशावळीत १,०२४ स्थाने भरतात. त्यांपैकी कित्येकांचा एकही तुकडा आजच्या वंशजाच्या शरीरात उरलेला नसतो. अहवालात एखादा वंश दिसला नाही म्हणून तो पूर्वज नव्हताच, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

'हॅप्लोग्रुप' अर्थात वंशशाखेबाबतही हीच सावधगिरी हवी. 'वाय' गुणसूत्र केवळ वडिलांच्या वडिलांची रेषा दाखवते, तर तंतुकणिकेतील डीएनए आईच्या आईची. दहाव्या पिढीतील १,०२४ स्थानांपैकी या दोन रेषा केवळ दोघांपर्यंत पोहोचतात. शिवाय या शाखा हजारो वर्षे जुन्या असून, त्या कोणत्याही एका जातीची मक्तेदारी नाहीत.

किनाऱ्याचाच इतिहास

जनुकशास्त्र आणि परंपरा यांची सांगड कशी घालावी, याची दोन उत्तम उदाहरणे याच किनाऱ्यावर आहेत. अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. तेल गाळण्याच्या व्यवसायामुळे आणि शनिवारच्या सुट्टीमुळे 'शनवार तेली' म्हणून ओळखल्या गेलेल्या या मराठी भाषक समाजाचा जनुकीय अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा भरीव वाटा आढळला. हा संकर सुमारे ६५० ते १,०५० वर्षांपूर्वी झाला असावा आणि त्यात ज्यू पुरुष व स्थानिक स्त्रिया यांचे प्रमाण अधिक असावे, असा अंदाज संशोधकांनी मांडला.

डहाणूच्या उत्तरेस, गुजरातच्या वलसाड जिल्ह्यातील संजाण हे पारशी परंपरेतील पहिल्या वसाहतीचे गाव. तेथील उत्खननात मिळालेल्या अवशेषांचाही समावेश असलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पारशी समाजाचे इराणशी नाते त्याने पक्के केले. त्याच वेळी, त्या प्राचीन नमुन्यांतील जवळपास निम्म्या मातृशाखा दक्षिण आशियाई असल्याचेही दाखवले. दोन्ही अभ्यासांत परंपरेचा गाभा टिकला, पण 'शुद्ध' वंशाची कल्पना टिकली नाही.

हेच इतर भारतीयांनाही लागू पडते. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या २००९ व २०१३ च्या अभ्यासांनुसार, भारतातील बहुतेक समूह प्राचीन काळी परस्परांत मिसळलेल्या पूर्वजांचे वंशज आहेत. ही सरमिसळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात व्यापक प्रमाणावर झाली. जातीअंतर्गत विवाहाची चौकट त्यानंतर आवळत गेली. या चौकटीचा अहवालावरही परिणाम होतो. पिढ्यान्पिढ्या एकाच समाजात सोयरिकी झाल्या असतील, तर दूरचा नातलगही यादीत जवळचा चुलत भाऊ म्हणून दिसू शकतो.

दाखल्याला पर्याय नाही

अशा अहवालावरून जात वा जमात सिद्ध होत नाही. जात पडताळणीसाठी शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या व महसुली नोंदी हेच कागद जपून ठेवावे लागतात. आजारांच्या निदानासाठीही हा अहवाल पुरेसा नाही. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आणि स्वतंत्र तपासणी आवश्यक आहे.

चाचणीपूर्वी आणखी एक विचार करायला हवा. डीएनए एकट्याचा नसतो. दत्तकविधान किंवा घराने झाकून ठेवलेले एखादे नाते नातलगांच्या यादीतून अचानक उघड होऊ शकते आणि त्याची झळ चाचणी न केलेल्यांनाही बसते. माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्नही आहेच. अमेरिकेतील 'ट्वेंटीथ्री अँड मी' या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरट्यांच्या हाती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे पुढे काय, हा प्रश्न जगभर विचारला गेला. संकेतशब्द बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही.

त्यामुळे नमुना पाठवण्याआधी घरातील वडीलधाऱ्यांशी बोलणे, नमुना नष्ट करण्याची व माहिती पुसण्याची सोय आहे का ते पाहणे आणि नातलग शोधण्याचा पर्याय विचारपूर्वक निवडणे हिताचे. आजीचे माहेर कोणते, पणजोबांचे गाव कोणते, हे अहवालात छापून येत नाही. ते सांगणारी माणसे घरात आहेत, तोवर वही-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसायला हवे.