प्राँग्जचा दीप आणि मुंबई बंदराचा कारभार

मुंबईचे बंदर निसर्गानेच घडविले आहे असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते खोटे नाही; परंतु ज्या निसर्गाने ही विस्तीर्ण, निवाऱ्याची खाडी दिली, त्यानेच तिच्या मुखाशी, कुलाब्याच्या दक्षिण टोकापुढे, खडकांचा एक लांब पट्टा समुद्रात पसरून ठेवला आहे. ओहोटीला तो उघडा पडतो, भरतीला पाण्याखाली जातो, आणि पावसाळ्यात, नैऋत्येचा वारा शिडाच्या जहाजाला किनाऱ्याकडे रेटत असता आणि सरींच्या पडद्याआड दोन्ही तीर दिसेनासे झाले असता, त्या पट्ट्याची जागा कळणे हाच नाखव्याच्या जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसतो. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कुलाब्याच्या दांडीवर दिवा जळत असे खरा, पण तो जमिनीवर होता आणि धोका होता पुढे पाण्यात. म्हणून १८७५ मध्ये टॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअराच्या देखरेखीखाली खुद्द त्या खडकावरच प्राँग्जचे दीपगृह उभे राहिले. खर्च आला सव्वासहा लाख रुपयांच्या आसपास. भरतीचे पाणी ज्या जागेवर रोज दोनदा चढते तेथे पायाचा दगड बसवावयाचा म्हणजे कामाचे तास चंद्राने ठरवून द्यावयाचे. गवंड्याने हत्यार केव्हा हाती घ्यावे आणि केव्हा होडीत चढावे, हा हुकूम कोणत्याही कचेरीतून सुटत नव्हता.

हा मनोरा सुमारे ४१ मीटर उंच आहे, आणि त्या उंचीमागे साधे गणित आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी क्षितिजापलीकडच्या डोळ्याला तो थेट दिसू शकत नाही. ४१ मीटरांवरच्या दिव्याचे क्षितिज सुमारे १३ सागरी मैलांवर येते, आणि पाहणारा खलाशी डेकवर पंचवीस फूट उंचीवर उभा असेल तर त्यात त्याच्या क्षितिजाचे सहा मैल मिळतात. म्हणजे जहाज तासाला दहा सागरी मैल चालत असेल तर कप्तानाला विचार करावयास जवळजवळ दोन तास मिळतात. उंची दुप्पट केल्याने हे अंतर दुप्पट होत नाही, ते उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मनोरा आणखी चढविण्यापेक्षा योग्य स्थळी बांधणे अधिक मोलाचे ठरते.

ज्योतीचा प्रकाश मात्र दाही दिशांना उधळला जातो; जो आकाशाकडे गेला तो जहाजाच्या काय कामाचा? फ्रेंच शास्त्रज्ञ ओग्युस्तँ फ्रेनेल याने १८२० नंतरच्या काही वर्षांत यावर जो तोडगा काढला, तो एकोणिसाव्या शतकातील अत्यंत लोकोपयोगी शोधांपैकी एक होय असे मी मानतो. एक जाड, अवजड भिंग घेण्याऐवजी त्याने काचेची वर्तुळाकार कडी एकाभोवती एक रचली. मधल्या कड्यांनी किरण वाकवावयाचे, वरच्या व खालच्या लोलकांनी ते आतल्या आत परावर्तित करून आडवे वळवावयाचे, आणि अशा रीतीने वाया जाणारा बहुतेक उजेड क्षितिजाकडे धाडावयाचा.

तथापि नुसता तेजस्वी दिवा पुरत नाही. तो कोणता दिवा हे कळले पाहिजे. बंदराच्या दक्षिणेस, थळच्या समोर, खांदेरी बेटावर १८६७ पासून दुसरे दीपगृह आहे. शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये ज्या बेटावर तट बांधावयास घेतला आणि त्यापायी इंग्रजांच्या आरमाराशी मायनाक भंडारी झुंजला, तेच हे बेट. अंधारात खांदेरीला प्राँग्ज समजणारा कप्तान बंदराऐवजी खडक गाठणार! म्हणून प्रत्येक दिव्याला त्याच्या चमकण्याचा ठरावीक काळ नेमून दिलेला असतो. भिंगाचा सांगाडा घड्याळाप्रमाणे वजनाच्या जोराने फिरे, आणि ते वजन खाली उतरले की रखवालदाराने हाताने किल्ली फिरवून वर ओढावे, काचेवरची काजळी मऊ फडक्याने पुसावी, वात सारखी करावी, तेलाचा हिशेब वहीत मांडावा, असा रात्रभराचा क्रम असे. त्याला डुलकी लागून यंत्र मंदावले तर दिवा विझत नसे, पण तो खोटे सांगू लागे. आणि विझलेल्या दिव्यापेक्षा खोटे सांगणारा दिवा अधिक घातक. या नेमकेपणाचे श्रेय इतिहासाने इंजिनिअरांच्या पदरात टाकले, रखवालदार व खलाशी मात्र हजेरीपटावर राहिले, याची मला मनापासून खंत वाटते.

हीच नेमकेपणाची गरज वेळेच्या बाबतीतही होती. रेखांश काढावयाचा तर जहाजावरील घड्याळ अचूक हवे. चार सेकंदांची चूक झाली की मुंबईच्या अक्षांशावर स्थान जवळजवळ एका सागरी मैलाने हुकते. त्यासाठी कुलाब्याच्या वेधशाळेकडून मिळणाऱ्या संकेताने बंदरात ठरल्या क्षणी वेळेचा गोळा खाली पडे, आणि नांगरलेल्या जहाजांवरील अधिकारी दुर्बिणीतून पाहून आपापली घड्याळे तपासून घेत.

सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, १८७३ मध्ये बंदराचा कारभार पोर्ट ट्रस्टकडे आला आणि १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी सुरू झाली. कापूस लवकर परदेशी जावा हा बंदराच्या या सुधारणांमागचा एक मोठा हेतू होता, हे लपविण्याचे कारण नाही. मुंबईस उधाणाच्या काही दिवशी भरती-ओहोटीचा फरक पंधरा फुटांपर्यंत जातो. तेव्हा भरतीला दरवाजे उघडून जहाजे आत घ्यावयाची आणि ओहोटीपूर्वी ते बंद करून पाणी कोंडून ठेवावयाचे, हे गोदीचे तत्त्व. तिच्या खोदकामात चिखलाखाली एक बुडालेले अरण्यच निघाले. खैराची शेकडो झाडे, त्यांतील कित्येक बुंधे मुळांसकट जागच्या जागी उभे! जेथे आज भरतीचे पाणी कित्येक फूट उंच चढते तेथे एके काळी कोरडी जमीन होती, असाच त्याचा अर्थ.

समुद्र आणि जमीन यांचा हा परस्परसंबंध पुढेही मोजला गेला, पण वेगळ्याच निमित्ताने. गोदीत जहाज केव्हा घ्यावे हे कळण्यासाठी भरतीची कोष्टके हवीत, आणि कोष्टकांसाठी पाण्याच्या पातळीची अखंड नोंद हवी. अपोलो बंदरावर ती १८७८ पासून उपलब्ध आहे. भरतीमापकाचा तरंगता गोळा पाण्याबरोबर वर-खाली होई आणि लेखणी फिरत्या कागदावर त्याची रेघ ओढी. त्या काळच्या कारकुनांनी जहाजांच्या सोयीसाठी जतन केलेल्या या आकड्यांवरूनच, विसाव्या शतकात मुंबईजवळ समुद्राची सरासरी पातळी वर्षाला एका मिलिमीटरहून थोड्या कमी वेगाने वाढत गेली, असा हिशेब पुढच्या संशोधकांना मांडता आला.