अपक्ष सेनेटरचे काम : आयर्लंडमधील तीन उदाहरणे

संसदेतील कामाचे मोजमाप आपण बहुधा मतांच्या आकड्यांनी करतो. ठराव संमत झाला की नाही, विधेयक तरले की बुडाले, एवढे पाहून आपण मोकळे होतो. या मापाने पाहिले, तर कोणत्याही पक्षात नसलेल्या सभासदाचे काम शून्यवतच ठरावयाचे. कारण त्याच्या पाठीशी मतेच नसतात. मग तो सभागृहात बसून करतो तरी काय, आणि लोकांनी त्याला तेथे का ठेवावे? या प्रश्नाचा विचार केवळ तत्त्वतः करण्यापेक्षा एखाद्या देशाच्या अनुभवावरून करणे बरे, असे आम्हांस वाटते. तो देश म्हणजे आयर्लंड. राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे व राज्यसभेतील नामनियुक्त सभासदांची तरतूद यांबाबत आपल्या घटनाकारांनी आयर्लंडच्या घटनेचा आदर्श पुढे ठेवला होता. तेव्हा हे उदाहरण आपल्याला अगदीच परके नाही.

आयर्लंडच्या 1937 च्या घटनेप्रमाणे तेथील सेनेटात 60 सभासद असतात. त्यांपैकी 11 जणांची नेमणूक पंतप्रधान करतो. 43 जण निरनिराळ्या व्यवसायक्षेत्रांच्या नावाने उभे राहतात. परंतु त्यांचे मतदार म्हणजे आमदार-खासदार व नगरसेवकच असल्याने त्या जागा बहुतांशी पक्षांच्याच हाती जातात. उरलेल्या 6 जागा विद्यापीठांच्या पदवीधरांच्या. हे पदवीधर टपालाने मत देतात. त्यांच्यावर पक्षाचा अंमल चालत नाही. अपक्ष सभासद मुख्यतः येथून येतात. सेनेटाचा अधिकारही बेताचाच. अर्थविषयक विधेयकावर 21 दिवसांत शिफारशी करावयाच्या, इतर विधेयके फार तर 90 दिवस अडवावयाची, एवढीच त्याची मजल. तेव्हा दुबळ्या सभागृहातील एकटा सभासद, अशी या मंडळींची दुहेरी अडचण आहे. तरीही त्यांच्या हाती एक गोष्ट उरते. त्यांनी प्रश्न उपस्थित केला की सरकारला काही ना काही बोलावे लागते, आणि ते बोलणे कायमचे छापले जाते.

पहिले उदाहरण जुन्या, म्हणजे 1936 साली बरखास्त झालेल्या सेनेटातील आहे. कवी डब्ल्यू. बी. येट्स यांना 1922 साली सेनेटवर नेमण्यात आले होते. 1925 च्या जून महिन्यात घटस्फोटाचा मार्ग बंद करण्याचा प्रश्न सेनेटापुढे आला. बहुसंख्याकांच्या धर्माची आज्ञा कायदा करून अल्पसंख्याकांवर लादली, तर उत्तरेकडील प्रॉटेस्टंट प्रांत आपल्यात कधीच येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा दूरदृष्टीचा होता, यात शंका नाही. परंतु येट्स तेवढ्यावर थांबले नाहीत. लोकांना पूज्य असलेल्या पुढाऱ्यांच्या खाजगी आयुष्यावर त्यांनी कोरडे ओढले आणि आपल्या प्रॉटेस्टंट समाजाचे मोठेपण अभिमानाने गायिले. ऐकणारे दुखावले, आणि मुद्दा बाजूला पडला. 1937 च्या घटनेत घटस्फोटाची बंदी रीतसर घातली गेली. 1986 च्या सार्वमतात ती कायम राहिली. आणि 1995 साली केवळ नऊ हजारांच्या आसपास मताधिक्याने ती उठली. भाषणापासून निकालापर्यंत सत्तर वर्षे गेली.

दुसरे उदाहरण आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. ओवेन शीही-स्केफिंग्टन हे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात फ्रेंच शिकवीत. त्यांचे वडील शांततावादी. 1916 च्या उठावाच्या वेळी एका ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याच्या हुकमाने त्यांना चौकशीवाचून गोळ्या घालण्यात आल्या. मजूर पक्षाने ओवेन यांना 1943 साली काढून टाकले होते. 1954 साली ते पदवीधरांच्या मतांवर सेनेटात आले, आणि 1955 साली त्यांनी प्राथमिक शाळांतील मुलींना मारण्याची शिक्षा बंद करावी, असा ठराव मांडला. त्यांनी कोणावर आग पाखडली नाही. शिक्षणखात्याचे स्वतःचे नियम काय आहेत, ते त्यांनी वाचून दाखविले, आणि पालकांच्या तक्रारींवरून वर्गात प्रत्यक्ष काय चालते, ते त्याच्या शेजारी ठेवले. मुलांना शिस्त लावण्यासाठी मार हवाच, अशी समजूत तेव्हा सर्वत्र होती. शाळा चर्चच्या ताब्यात होत्या. तेव्हा ठरावाने कायदा बदलला नाही. 1961 साली त्यांची जागाही गेली. 1965 साली ते पुन्हा निवडून आले आणि 1970 साली मृत्यू येईपर्यंत सभासद राहिले. शाळांतील मारावर बंदी आली ती 1982 साली. मधल्या सत्तावीस वर्षांत किती मुलांच्या हातांवर वळ उठले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. परंतु 'हे आम्हांला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय मात्र कोणत्याही मंत्र्याला राहिली नाही.

तिसरे उदाहरण श्रीमती मेरी रॉबिन्सन यांचे. 1969 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्या ट्रिनिटीच्या पदवीधरांकडून अपक्ष म्हणून निवडून आल्या. संततिनियमनाची साधने विकण्यास व आयात करण्यास 1935 च्या कायद्याने बंदी होती. 1971 साली ट्रेव्हर वेस्ट व जॉन होर्गन या दोन सहकाऱ्यांच्या सह्या मिळवून त्यांनी ती उठविण्याचे विधेयक आणले. सेनेटाने त्याला प्रथम वाचनाचीही परवानगी दिली नाही. म्हणजे ते छापलेसुद्धा गेले नाही. डब्लिनच्या आर्चबिशपांचे निषेधाचे पत्र चर्चमधून वाचले गेले. श्रीमती रॉबिन्सन यांच्या घरी शिव्याशापांनी भरलेली पत्रे आली. 1973 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने विवाहितांच्या खाजगी जीवनाच्या हक्काचा आधार घेऊन आयातबंदी घटनाबाह्य ठरविली. तरीही कायदेमंडळ हलावयास 1979 साल उजाडले. आणि तेव्हाही डॉक्टरची चिठ्ठी आवश्यक ठेवण्यात आली. ती अट सैल झाली 1985 साली. त्याच श्रीमती रॉबिन्सन 1990 साली देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या.

हे वाचून आपल्या लोकांनी आयर्लंडला मागासलेले म्हणण्याची घाई करू नये. मुंबईच्या विधानसभेत 1938 साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला होता. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात केले, आणि तो ठराव आपल्या प्रतिनिधींनी फेटाळलाच.

आता दुसरी बाजू. पदवीधरांनाच वेगळे मत का, हा आक्षेप खोटा नाही. इतर उच्च शिक्षणसंस्थांच्या पदवीधरांनाही हा हक्क देता यावा म्हणून 1979 साली घटनादुरुस्ती झाली. परंतु सरकारांनी ती चाळीस वर्षांहून अधिक काळ अमलात आणली नाही. अखेर 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर 2024 साली कायदा झाला. शिवाय, एकटा सभासद नेहमी बरोबरच असतो, असेही नाही. ज्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले, त्यांचीच नावे आपल्या स्मरणात राहतात. विक्षिप्त भाषणे अहवालात धूळ खात पडतात. हे सारे ठाऊक असूनही, 2013 च्या सार्वमतात सरकारने सेनेट बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा 51.7 टक्के मतदारांनी तो नाकारला.

या तीन उदाहरणांवरून आम्हांस असे दिसते की, अपक्ष सभासदाने जिंकावे ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याने प्रश्न वेळेआधी मांडावा, पुराव्यानिशी मांडावा आणि हरल्यावर पुन्हा मांडावा. येट्स यांच्यापाशी पहिला गुण होता, पण संयम नव्हता. शीही-स्केफिंग्टन यांच्यापाशी तिन्ही गुण होते. आणि उशिराची किंमत सभागृहातील कोणी देत नाही. ती वर्गातले मूल देते, नाहीतर घरातली बाई देते, हे त्याने सभागृहाला विसरू देऊ नये. महाराष्ट्राच्या विधान परिषदेतही पदवीधरांच्या 7 आणि शिक्षकांच्या 7 जागा आहेत. त्या जागांसाठी मत मागावयास येणाऱ्याला 'तुमचा पक्ष कोणता?' हे आपण विचारतोच. 'सरकारकडून तुम्ही कोणत्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळविणार आहात?' हेही विचारावे, एवढेच आमचे सांगणे आहे.