नापासाच्या कायद्यापलीकडचे मिसिसिपी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी हे राज्य दारिद्र्यासाठी आणि शिक्षणातील मागासलेपणासाठी इतकी वर्षे कुप्रसिद्ध होते, की २०१३ साली चौथीच्या वाचनात एकोणपन्नासावे असलेले हेच राज्य २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत नवव्या स्थानी आले, तेव्हा पुष्कळांनी त्या घटनेचा उलगडा एका वाक्यात करून टाकला : तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलांना त्याच वर्गात अडकवून ठेवण्याचा कायदा झाला, कच्ची मुले चाचणीतून वगळली गेली आणि सरासरी आपोआप वर गेली. सर्वांना सरसकट पुढच्या वर्गात घालण्याच्या धोरणावर आणि पाचवी-आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना देणाऱ्या, आपल्या शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीवर वर्षानुवर्षे वाद घातलेल्या आपल्या वाचकांना तर हा उलगडा विशेष रुचण्याजोगा आहे. त्यातून छडीचे समर्थन करणाऱ्यास आधार मिळतो आणि आकड्यांवर अविश्वास असणाऱ्यासही.

कायदा खोटा नाही. २०१३ साली तो संमत झाला. परंतु त्याच्या तिसरीच्या अटीची प्रत्यक्ष अंमलबजावणी २०१५ च्या वसंत ऋतूत प्रथम झाली, आणि त्याच वर्षाच्या आरंभी राष्ट्रीय चाचणीस बसलेली चौथीची मुले ही अट लागू होण्यापूर्वीच तिसरी ओलांडून गेलेली होती. असे असता २०१३ मधील २०९ हे सरासरी गुण २०१५ मध्ये २१४ झाले होते, म्हणजे कायद्याने एकही मूल मागे राहण्यापूर्वीच वाढीस प्रारंभ झाला होता. शिवाय मागे राहिलेले मूल कोठे नाहीसे होत नाही. ते वर्षभराने चौथीत येतेच. अधिक वयाचा आणि अधिक शिकवणीचा लाभ अशा मुलांना काही अंशी मिळत असेल, हे मात्र नाकारू नये.

मग राज्याने केले काय? निवडणुकीने नव्हे तर राज्य शिक्षण मंडळाच्या नेमणुकीने येणाऱ्या अधीक्षकपदावर केरी राइट या बाई २०१३ पासून २०२२ पर्यंत होत्या, आणि इतका दीर्घ कार्यकाल हीच राज्यांच्या शिक्षण खात्यांत दुर्मीळ गोष्ट. ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध क्रमाक्रमाने कसा शिकवावा, याचे प्रशिक्षण प्राथमिक शिक्षकांना देण्याचा भार खात्याने स्वतःच्या शिरावर घेतला. बालवर्गापासून तिसरीपर्यंत मुलांच्या वाचनाची वर्षातून अनेक वेळा पाहणी होऊ लागली, म्हणजे अडखळणारे मूल तिसरीच्या उंबरठ्यावर नव्हे तर पहिलीतच दृष्टीस पडावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खात्याने स्वतः पारखून नेमलेले वाचन-मार्गदर्शक सर्वांत दुर्बल शाळांत धाडले. शेरेबुकात शेरा लिहून निघून जाणारे हे अंमलदार नव्हते. ते वर्गात बसत, शिक्षकासमवेत पाठाची आखणी करीत, प्रसंगी स्वतः पाठ घेऊन दाखवीत. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे : परिपत्रक काढणे कोणत्याही खात्यास साधते, पण परिपत्रकामागोमाग माणूस वर्गापर्यंत पाठविणे क्वचितच.

एका बाईने किंवा एका कायद्याने चमत्कार घडविला, हा समज प्रशंसकांत अधिक दिसतो. वस्तुतः १९८२ साली गव्हर्नर विल्यम विंटर यांच्या शिक्षण-सुधारणा कायद्याने सार्वजनिक बालवर्गांचा पाया घातला होता. २००० साली जिम बार्क्सडेल या उद्योजकाने वाचनशिक्षणासाठी दहा कोटी डॉलरची देणगी देऊन जी संस्था उभारली, तिने ध्वनी-अक्षर पद्धतीचा अनुभव गाठीस बांधून ठेवला होता. आणि तिसरीच्या अटीची कल्पना तर फ्लोरिडाच्या २००२ च्या कायद्यावरून घेतलेली होती.

पैशाविषयीही दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. दरडोई विद्यार्थी-खर्चात मिसिसिपी तळाच्या राज्यांतच राहिले, हे सत्य. परंतु वाचनाच्या या उपक्रमास वर्षाकाठी सुमारे दीड कोटी डॉलरची स्वतंत्र तरतूद होती, हेही तितकेच सत्य. प्रशिक्षण आणि मार्गदर्शक फुकट मिळत नाहीत.

राहता राहिला शेवटचा समज, की शाळांचा प्रश्न तेथे सुटला. चौथीचे गुण २०१९ मध्ये २१९ झाले आणि २०२४ मध्येही, देशाची सरासरी घसरत असता, तेथेच टिकले. आठवीच्या वाचनात मात्र हे राज्य जवळजवळ २०१३ च्याच ठिकाणी उभे आहे. प्रशिक्षण, पाहणी आणि मार्गदर्शक यांची ती सारी योजना प्रामुख्याने तिसरीपर्यंतच्या वर्गांसाठी होती. अक्षरे जुळविता येऊ लागल्यावर इतिहासाचा किंवा विज्ञानाचा धडा समजण्यास जो शब्दसंग्रह आणि जी विषयाची ओळख लागते, ती देण्याचे काम पुढील पाच इयत्तांतील शिक्षकांकडे येते, आणि त्यांच्या वर्गात त्या प्रमाणात कोणी मार्गदर्शक पाठविला गेला नव्हता.