शिबिराला पाठवण्याआधी

मे महिना आला की किल्ला चढणं, दोरावरून उतरणं अशा साहस शिबिरांची पत्रकं गावात येतात. आमच्या गटात पहिला प्रश्न फीचा निघतो. आम्ही म्हणतो, पैशाचं नंतर बघू, आधी नोंदणी विचारा. राज्याच्या २०२१ च्या धोरणाप्रमाणे असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र दाखवायला कांकू केली, तर पोराला पाठवूच नका.

पाण्यातले खेळ असतील तर लाइफ जॅकेट घालून बघायला मुलांना शिकवा. पट्टे आवळायचे आणि दुसऱ्यानं खांद्यापाशी धरून वर ओढायचं. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात पोर त्यातून निसटेल. विहिरीत सूर मारणाऱ्यालाही ते लागतंच! कड्याखाली हेल्मेट हवं, वरून दगड सुटतात.

मुलींना मात्र 'तुला काय करायचंय' म्हणत घरी ठेवतात. मुक्कामाला बाई प्रशिक्षक आहे का, झोपायची-न्हाणीची सोय वेगळी आहे का, हे विचारा आणि जाऊ द्या. पिशवीत पॅड ठेवा. रुग्णवाहिकेचा १०८ आणि मुलांच्या मदतीचा १०९८, हे दोन नंबर तिच्याकडून पाठ करून घ्या.