गणिताच्या तासाची सुरुवात: रोजचे ४ छोटे उपक्रम

मुळशीच्या वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळांत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात, तिथे हे चारही चालतात. पहिली-दुसरीसाठी खास!

१. हजेरी: पट २३, हजर १९. गैरहजर किती? फळ्यावर मुलांनीच लिहायचं.

२. आजची तारीख: १४ किती प्रकारे बनते? १०+४, ७+७, २०−६. मोठ्यांनी गुणाकार वापरायचा: २×७.

३. मणीमाळ: १०० मणी, दर दहाला रंग बदललेला. ३८ कुठे? ४० शोधा, दोन मणी मागे या. संख्या डोळ्यांना दिसते.

४. पावसाचा तक्ता: ताम्हिणीचा पाऊस म्हणजे आयता धडा. रोज एक चौकोन रंगवा: पाऊस, ढग की ऊन. शनिवारी मोजा, जास्त काय, कितीने जास्त?

साहित्य म्हणून चिंचोके आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे पुरेत. भातरोपांच्या जुड्या पाहिलेल्या मुलांना दशक चटकन कळतो.

२०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भरही तिसरीपर्यंत पायाभूत संख्याज्ञान पक्कं करण्यावर आहे.

आणि हो, उत्तर बरोबर आलं तरी विचारा, “कसं काढलंस?”

#गणित #जिल्हापरिषदशाळा #मुळशी