गंजाचा हिशेब

अमेरिकेत पहिली जुनी पिकअप घेणाऱ्याची नजर बहुधा शेवरोले ३१०० वर स्थिरावते. १९४७ ते १९५५ या काळातील ही अर्ध्या टनाची गाडी मुळात शेतकऱ्याची आणि दुकानदाराची. ग्राहक प्रथम इंजिनाचा आवाज ऐकतो आणि तेथेच फसतो. सहा सिलिंडरांचे ते साधे इंजिन दुरुस्त होते, सुटे भागही आज मिळतात. खरा खर्च दडलेला असतो गंजात: केबिनचे मागील खालचे कोपरे, पायऱ्या, दाराखालचा पत्रा. खिशात लोहचुंबक असावा. जेथे तो चिकटत नाही, तेथे रंगाखाली लांबी भरलेली आहे असे खुशाल समजावे. मालकीचा कागद विक्रेत्याच्या नावे नसेल, तर सौदा कितीही स्वस्त असला तरी परतावे.

घरी आणल्यावर रंगाचा मोह आवरणे कठीण, पण पहिला पैसा ब्रेकचा. या गाडीत चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर, तोही पायाखालच्या पत्र्याखाली. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. त्यानंतर जुनी वायर, टायर आणि मग पत्रा. हौद्याच्या तळाच्या लाकडी फळ्या शेवटी. त्या बसवायला कारागीर लागत नाही, घरातली मुलेही पाने हाती घेतात.