जुनी ऑटोमॅटिक गाडी : आधी गिअरबॉक्स, मग अलॉय व्हील

शहरातल्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून पाय दुखायला लागले की पुष्कळ घरांत दहा-बारा वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी घेण्याचा विचार सुरू होतो. गाडी दारात आली की सीट कव्हर, मोठी स्क्रीन, अलॉय व्हील यांवर सढळ हाताने खर्च होतो. गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं, हा प्रश्न मात्र राहून जातो. गाडीतला हा सर्वांत महागड्या भागांपैकी एक. त्याच्याबद्दलचे काही पक्के समज तपासून पाहिलेच पाहिजेत.

गैरसमज १ : ऑटोमॅटिक म्हणजे सगळ्यांची रचना एकच.

वस्तुस्थिती : आज जुन्या बाजारात दिसणाऱ्या गाड्यांमध्ये मुख्यतः चार प्रकार आहेत. २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेला एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच; क्लच दाबणं आणि गिअर बदलणं तेवढं यंत्र करतं. त्यामुळे त्याची क्लच प्लेट मॅन्युअल गाडीसारखीच झिजते. त्याच वर्षीच्या पेट्रोल होंडा सिटीत सीव्हीटी आहे. त्यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि पोलादी पट्टा काम करतात. २०१३च्या पोलो जीटी टीएसआयमध्ये दोन कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी आहे. आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद ऑइलमधून पुढे जाते. प्रकार बदलला की देखभाल बदलते, म्हणून आपल्या गाडीत नेमकं काय आहे हे आधी समजून घ्या.

गैरसमज २ : गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर चालतं, आणि जुन्या गाडीत ते बदललं तर गिअरबॉक्स बसतो.

वस्तुस्थिती : उष्णतेने ऑइल हळूहळू खराब होतंच. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनीच आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत पाहा. ऑइल बदलल्यावर बसलेले गिअरबॉक्स बहुतेकदा आधीच झिजलेले असतात. गाडी घसरायला लागल्यावर शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदललं जातं आणि दोष त्याच्या माथी येतो.

जुन्या टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सला जोराच्या दाबाने फ्लश करण्यापेक्षा साधं काढून भरणं बरं. एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, कारण बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून काही दिवस गाडी चालवून हेच पुन्हा एकदा करावं. खालच्या पॅनमधल्या चुंबकावर करडा बारीक लेप दिसला तर काळजी नको. धातूचे कण बोटाला टोचले, तर मात्र आत झीज झाली आहे.

गैरसमज ३ : ऑइल कुठलंही चालतं, रंग सारखा असला म्हणजे झालं.

वस्तुस्थिती : सीव्हीटीचा पट्टा पुलीवर किती पकड घेतो, हे ऑइलच्या गुणधर्मावर ठरतं. होंडाचं एचसीएफ-२, निसानचं एनएस-३ ही त्या-त्या रचनेसाठीची ऑइलं आहेत. सीव्हीटीत साधं एटीएफ भरणं म्हणजे गिअरबॉक्स घालवणं. ऑइल घालताना डबा स्वतः पाहा आणि बिलावर त्याचं नाव लिहून घ्या.

गैरसमज ४ : गाडी झटके देते, म्हणजे गिअरबॉक्स गेला.

वस्तुस्थिती : तुटलेलं इंजिन माउंटिंग, खराब स्पार्क प्लग किंवा कॉइल, मळलेली थ्रॉटल बॉडी, अशक्त बॅटरी, यांनीही तसेच झटके बसतात. एएमटीत क्लच प्लेट झिजलेली असू शकते, किंवा क्लचचं कॅलिब्रेशन करावं लागतं. आधी स्कॅनर लावा. पी०७०० हा कोड दिसला तर गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने बिघाड नोंदवला आहे एवढंच कळतं. नेमकं कारण पुढच्या कोडमध्ये असतं. ते न वाचता गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.

गैरसमज ५ : मोठे टायर आणि रीमॅपिंग यांचा गिअरबॉक्सशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : १७५/६५ आर१४ टायरचा व्यास सुमारे ५८३ मिलिमीटर. त्याजागी १८५/६५ आर१५ बसवला की तो सुमारे ६२२ होतो, म्हणजे साडेसहा टक्के जास्त. एरवी बरोबर असलेला मीटर ८० दाखवतो, तेव्हा गाडी ८५ने धावत असते. सुटताना आणि घाट चढताना क्लच जास्त वेळ घासतो, गिअरबॉक्स जास्त तापतो. रिम मोठी हवीच असेल, तर टायरची उंची कमी करून एकूण व्यास मूळ मापाजवळ ठेवा. रीमॅपिंगने इंजिनाचा टॉर्क वाढतो, पण गिअरबॉक्सची सोसण्याची मर्यादा तीच राहते. जुन्या गाडीत ते टाळणंच शहाणपणाचं.

गैरसमज ६ : गाडी माझी, हवे ते बदल करीन.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार आरसीवरचे तपशील निर्मात्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केलं. नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मान्यताप्राप्त सीएनजी किट चालतं, पण आरसीवर नोंद हवी. विमा कंपनीलाही बदल कळवा. नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण येते.

गाडी अजून घेतली नसेल, तर ती रात्रभर थंड असताना पाहायला जा. डी आणि आर टाकल्यावर गाडी धक्का न देता लगेच पकड घेते का, हे बघा. सर्व्हिसची बिलं मागा. घेतल्यावरचा पहिला खर्च योग्य ऑइल आणि स्कॅनिंग यांवरच करा. गिअरबॉक्सने काही महिने बिनतक्रार साथ दिली, की मग अलॉय व्हीलचा विचार करा.